अनचार्टेड मालिका : खजिना बुडतो, तरी आपण पुन्हा का खेळतो?

पाऊलखूण (धागाकर्ता)

परवा रात्री ‘अनचार्टेड ४’ चौथ्यांदा संपवला. श्रेयनामावली सरकत होती आणि मी कंट्रोलर तसाच हातात धरून बसलो होतो. या व्हिडिओ गेम मालिकेवर मनसोक्त बोलायचं बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच. पुढे कथेतले सगळे उलगडे येणार आहेत. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबा, खेळा आणि मग या.

अगदीच माहीत नसेल त्यांच्यासाठी: नॉटी डॉग या स्टुडिओने २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी पहिला भाग काढला, ‘ड्रेक्स फॉर्च्यून’. मग २००९ ला ‘अमंग थीव्ज’, २०११ ला ‘ड्रेक्स डिसेप्शन’, २०१६ ला ‘अ थीफ्स एंड’ आणि २०१७ ला ‘द लॉस्ट लेगसी’. शेवटचा सोडला तर नायक नेथन ड्रेक, म्हणजे आपला नेट. खजिने शोधणारा, कडे चढणारा, थापा मारणारा आणि बऱ्याचदा निव्वळ नशिबाने वाचणारा.

आता मुद्दा. पहिल्या चारही भागांत ज्या वस्तूच्या मागे आपण दहा-पंधरा तास धावतो, ती शेवटी जाते. एल डोराडोची सोन्याची मूर्ती समुद्राच्या तळाशी. दंतकथेतली शंभाला नगरी कोसळते. वाळवंटातलं इरम शहर वाळूत गडप होतं. हेन्री एव्हरी या समुद्री चाच्याचं जहाज गुहेतच उद्ध्वस्त होतं. पहिल्या खेपेला हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला होतं, आणि तेव्हा खेळ मला जास्त आवडला. म्हणजे ओढ सोन्याची नाही. मग कशाची?

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही दुसऱ्या भागातले.

पहिला अगदी सुरुवातीचा. नेट डोळे उघडतो. रेल्वेच्या डब्यात बसलाय, पोटातून रक्त वाहतंय, आणि डबा कड्यावरून उभा लटकतोय. खाली हिमालयातली दरी. कोण, कुठला, इथे कसा आला, काही सांगितलेलं नाही. तुमचा अंगठा कंट्रोलरच्या काठीवर जातो आणि नेट वर चढू लागतो. दांडा निखळतो, सामान अंगावरून घरंगळत जातं, डबा आणखी थोडा खाली सरकतो. काही मिनिटांत लोंबकळायचं कसं, उडी कधी घ्यायची, कुठे पाय रोवायचा हे तुम्हाला येऊ लागतं आणि कुणी धडा दिला असं वाटतही नाही. हेच दृश्य नुसतं पाहिलं असतं तर मी ‘वा’ म्हणून पुढे गेलो असतो. इथे तळहाताला घाम सुटला होता, कारण तो पडला असता तर माझ्या हातून पडला असता.

दुसरा प्रसंग त्या अपघातानंतरचा. नेट बर्फात कोसळतो आणि जागा होतो तो एका तिबेटी गावात. हातात बंदूक नाही. धावताही येत नाही, नुसतं चालायचं. ज्या बटणाने एरवी ठोसा बसतो, त्याच बटणाने तो आता गावकऱ्यांशी हात मिळवतो. मुलं खेळतायत, याक उभे आहेत. तेन्झिन नावाचा गावकरी पुढे चालतोय. त्याला नेटची भाषा येत नाही, नेटला त्याची. पुढे हे दोघे बर्फाच्या गुहांतून जातात, एकमेकांना वर ओढून घेतात, आणि तासभर एकाचा शब्द दुसऱ्याला कळत नाही. तरी त्या तासाच्या शेवटी तेन्झिनला काही झालं तर मला सहन होणार नाही, इतकं ते माणूस माझं झालं होतं.

मला वाटतं या मालिकेची सगळी जादू या दोन गोष्टींत आहे: प्रसंग आपल्या हातून घडतो, आणि आपण तो एकटे घडवत नाही. तुम्हाला काय बांधून ठेवतं ते सांगा.

आभाळवेडी

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझा अनुभव जरा वेगळा आहे. चौथा भाग मी खेळत होते आणि आई शेजारी बसून पाहत होती. आधी हातात विणकाम असायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बाजूला पडलं. नेट बायकोला, एलेनाला, सांगतो की मी मलेशियात कामाला जातोय आणि प्रत्यक्षात भावाबरोबर, सॅमबरोबर, एव्हरीच्या खजिन्यामागे निघतो. फोनवर तो खोटं बोलत राहतो. आई दर वेळी म्हणायची, “हा अजून तिला खरं का सांगत नाही गं?” गोळीबार सुरू झाला की ती उठून पाणी प्यायला जायची. एलेना मादागास्करच्या त्या हॉटेलच्या खोलीत त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा मात्र आई जागची हलली नाही.

त्याआधीचं ते घरातलं प्रकरण आठवतंय? नेट आणि एलेना सोफ्यावर बसून जेवतायत, बोलतायत, आणि मग पैज लावून जुन्या प्लेस्टेशनवर क्रॅश बँडिकूट खेळतात. नॉटी डॉगचाच जुना खेळ, आणि तो खरंच आपल्याला खेळायला लागतो. खजिन्याच्या खेळात इतका वेळ एका बैठकीच्या खोलीत घालवायला धीर लागतो. त्या संध्याकाळमुळेच पुढचं खोटं टोचतं.

तिसरा डोळा

सूर पूर्ण पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. राग मानू नका.

दुसरा आणि चौथा भाग मी खेळलो आहे. दिसायला देखणे, यात वाद नाही. पण ‘आपल्या हातून घडतं’ म्हणताना तुम्ही जरा जास्त श्रेय देताय. कड्यावर कुठे पकडायचं ते वेगळ्या रंगाने उठून दिसतं. दुसरीकडे हात घालायची सोय नाही. कोडं आलं की नेटची वही उघडायची, त्यातल्या चित्रासारखं चक्र फिरवायचं, दार उघडलं. डबा लटकतोय खरा, पण तो कधी घसरणार हे आधीच ठरलेलं आहे. मी चढलो म्हणण्यापेक्षा मला चढवलं असं मला वाटलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. नेट हा आपल्याला मित्र वाटावा असा माणूस. हसरा, हळवा. तोच माणूस एका भागात शेकडो माणसं मारतो आणि पुढच्या दृश्यात चेष्टामस्करी करतो. क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये बायोशॉक या खेळावर लिहिताना यासाठी एक संज्ञा वापरली होती, लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स: कथा एक सांगते आणि खेळ भलतंच करायला लावतो. अनचार्टेड ४ मध्ये हजार शत्रू मारले की मिळणाऱ्या ट्रॉफीचं नाव तेच आहे. म्हणजे निर्मात्यांना दोष दिसत होता. दिसला, त्याला नाव दिलं आणि तसाच ठेवला. हे मला खटकलं ते खटकलंच.

निळी शाई

मी ॲनिमेशन शिकते, त्यामुळे थोडं आतल्या बाजूने लिहिते.

तिसरा डोळा, पकडीच्या जागा ठरलेल्या आहेत हे खरं. पण चौथ्या भागात एक करून पाहा. नेट कपारीला लोंबकळत असताना काठी हळूहळू गोल फिरवा. जिकडे काठी, तिकडे त्याचा मोकळा हात पसरतो. बोटं पोचण्याजोगी खोबण असेल तर हात ताणलेला राहतो, नसेल तर परत येतो. म्हणजे पुढची पकड आपण डोळ्यांनी नाही, त्याच्या हाताने शोधतो. पुढे मोकळं मैदान आहे की आखलेली वाट, याने त्या क्षणी मला फरक पडत नाही. माझा अंगठा आणि त्याचा खांदा एकत्र हलतात, त्यातलं सुख वेगळं आहे.

आणि त्याची चाल पाहा. तो कधीच सफाईदार नसतो. उडी थोडी कमी पडते, छाती दगडावर आपटते, पाय घसरून मग सापडतो. ताकदवान नायक दाखवणं सोपं असतं. कसाबसा पोचणारा माणूस दाखवायचा तर प्रत्येक हालचालीत तोल जाण्याची जागा ठेवावी लागते.

गोळ्यांबद्दल एक तपशील बऱ्याच जणांना माहीत नसतो. मार बसला की पडदा लालसर, मग रंगहीन होत जातो. ती त्याची प्रकृती नव्हेच, ते त्याचं नशीब आहे, ही कल्पना एमी हेनिग यांची; पहिल्या तीन भागांचं लेखन त्यांच्या हाताखालचं. गोळ्या जवळून जातायत, नशीब संपत आलंय. ते संपलं की मग लागते ती एकच खरी गोळी. नॉटी डॉगमध्ये काम केलेल्या एका ॲनिमेटरने २०१८ मध्ये हे जाहीरपणे सांगितल्यावर मी पुन्हा खेळले आणि तोच लाल पडदा वेगळा वाटला.

शेवटचं संवादांविषयी. खेळांमध्ये आवाज देणारे कलाकार पुष्कळदा एकेकटे, काचेच्या खोलीत बसून बोलतात. इथे नोलन नॉर्थ, एमिली रोझ, रिचर्ड मॅकगोनागल यांनी एका मंचावर, अंगावर हालचाल टिपणारे पोशाख घालून प्रसंग एकत्र केले आहेत. नेट आणि त्याचा वडीलधारा साथीदार सली एकमेकांचं वाक्य मध्येच तोडतात ना, ते तिथून आलंय.

पाऊलखूण (धागाकर्ता)

@निळी शाई, काठी गोल फिरवून पाहिली. इतक्या वेळा खेळूनही हे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. फार सुंदर आहे.

@तिसरा डोळा, राग कसला. माणसं मारण्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी लाझारेविच नेटला तेच विचारतो, की आज तू किती माणसं मारलीस. प्रश्न खलनायकाच्या तोंडी आहे आणि नेटकडे उत्तर नाही. खेळाने तिथे थांबायला हवं होतं. पण वाट आखलेली आहे म्हणून ती माझी नाही, हे मात्र पटत नाही. गाण्याची बंदिश ठरलेली असते, तरी गळ्यातून ती दर वेळी नव्याने काढावी लागते. दुसऱ्या भागात नेट धावत्या रेल्वेवर असतो, ती गाडी जंगलातून डोंगराकडे खरंच पुढे जात असते. सिग्नलचा खांब समोरून येतो तेव्हा खाली वाकायचं ते मीच वाकतो. कधी चुकतो आणि पुन्हा करतो.

म्हणूनच २०२२ चा चित्रपट मला कोरा गेला असावा. तिसऱ्या भागातला विमानातून लोंबकळणाऱ्या खोक्यांचा प्रसंग त्यात आहे. सगळं तेच, फक्त माझा हात त्यात नव्हता.

ताम्रपट

मला या खेळांकडे खेचलं ते इतिहासाने, म्हणून त्या बाजूने लिहितो. थोडं लांबेल.

या मालिकेची युक्ती अशी की ती इतिहासातली खरी फट शोधते आणि तिथे पाय घालते. पहिल्या भागात पनामाच्या किनाऱ्याजवळ फ्रान्सिस ड्रेकची शवपेटी वर काढतात. खरा ड्रेक जानेवारी १५९६ मध्ये पोर्टोबेलोजवळ आजाराने वारला आणि शिशाच्या पेटीत समुद्रात सोडला गेला. ती पेटी आजतागायत सापडलेली नाही. खेळ विचारतो, ती रिकामी असली तर? नेटच्या गळ्यातल्या अंगठीवरचं ‘सिक पार्विस मॅग्ना’ हे ड्रेकचं खरं बोधवाक्य, लहानातून मोठं घडतं अशा अर्थाचं.

दुसऱ्या भागात मार्को पोलो. तो १२९२ मध्ये कोकाचिन या राजकन्येला इराणला पोचवण्यासाठी चीनहून चौदा जहाजांच्या ताफ्याबरोबर निघाला. बरोबरच्या सहाशेंपैकी फार थोडे जिवंत पोचले, आणि वाटेत नक्की काय झालं ते त्याने नीट सांगितलं नाही. त्या न सांगितलेल्या भागात खेळाने शंभाला आणि चिंतामणी बसवला. चिंतामणी हा शब्द कानावर पडला तेव्हा मी खेळ थांबवला होता. आपल्या परिचयातला शब्द त्या उच्चारात ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पण सगळ्यात जवळचा चौथा भाग. हेन्री एव्हरीने सप्टेंबर १६९५ मध्ये लुटलेलं गंज-इ-सवाई हे औरंगजेबाचं जहाज. हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन ते सुरतेला परतत होतं. इथे आपली शाळेतली सनावळी आठवा. संभाजी महाराजांना जाऊन सहा वर्षं झालेली, राजाराम महाराज जिंजीत, संताजी-धनाजी मोगली फौजांना सळो की पळो करतायत, बादशहा दख्खनमध्ये अडकलेला. त्याच काळात समुद्रावर हे घडलं. जहाजावर मोठा तोफखाना होता. पण लढाईच्या तोंडी त्यांची स्वतःचीच एक तोफ फुटली आणि एव्हरीच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी पडली. मोगल काळातला इतिहासकार खाफीखान याने या लुटीबद्दल लिहून ठेवलंय. लूट बावन्न लाख रुपयांची, असा त्याचा आकडा. बादशहाचा कोप इंग्रजांवर झाला. सुरतेतल्या वखारीचे इंग्रज कैदेत पडले, कंपनीचा व्यापार थांबला. एव्हरीच्या डोक्यावर इनाम लागलं. त्याच्या काही साथीदारांवर १६९६ मध्ये लंडनला खटला चालून फाशी झाली. तो स्वतः कधीच सापडला नाही. लिबर्टालिया ही चाच्यांची नगरी दंतकथाच, पण माणूस नाहीसा झाला ते खरं. मालिकेला हवी तशी फट.

आता माझी तक्रार. त्या जहाजावर जे घडलं ते भयंकर होतं. कित्येक दिवस यात्रेकरूंचे हाल झाले, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. खेळात ‘इतिहासातली सर्वात मोठी लूट’ एवढंच ऐकू येतं. लुटले गेलेले जवळपास कुठेच नाहीत. लिबर्टालियाच्या ओसाड घरांतून फिरताना चाच्यांनी एकमेकांचा केलेला घात फार बारकाईने दिसतो: जेवणाच्या मेजावर बसल्या जागी विष पाजलेले सांगाडे, भिंतींवरची चित्रं, चिठ्ठ्या. त्यातली एखादी चिठ्ठी गंज-इ-सवाईवरच्या एखाद्या प्रवाशाची असती तर? मी ती शोधत राहिलो. सापडली नाही.

नवखा गडी

मध्येच विचारतो. मी अजून एकही भाग खेळलेलो नाही. उलगडे वाचले, हरकत नाही. सुरुवात कुठून करू? आणि एक अडचण आहे, अपघातानंतर माझ्या उजव्या हाताची बोटं भरभर चालत नाहीत. जमेल का?

रात्रपाळी

@नवखा गडी, जमेल. माझ्या काकांनाही हीच शंका होती आणि त्यांनी पूर्ण खेळला. चौथ्या भागात सेटिंगमध्ये एकच बटण पटापट दाबायच्या जागी नुसतं दाबून धरायची सोय आहे. नेम आपोआप जवळच्या शत्रूवर बसेल असंही करता येतं. काठिण्यपातळी सर्वात सोपी ठेवा, कथा तीच राहते.

क्रमाबद्दल: पहिले तीन भाग २०१५ च्या एकत्रित संचात प्लेस्टेशन ४ वर मिळतात. संगणकावर खेळणार असाल तर तिथे चौथा आणि ‘लॉस्ट लेगसी’ हे दोनच आहेत, २०२२ पासून. तसं असेल तर बिनधास्त चौथ्यापासून सुरू करा. पहिला भाग आज खेळताना जड जातो. पाण्यावरच्या स्कूटरचे टप्पे कंटाळवाणे आहेत, शत्रू गोळ्या खाऊनही उभे राहतात, आणि शेवटाकडे एकदम भुतासारखे प्राणी धावून येतात. सली आणि नेट यांची जोडी कशी होती ते पाहायला मात्र तो हवाच.

आभाळवेडी

‘लॉस्ट लेगसी’बद्दल कुणीच बोललं नाही, आणि माझा सर्वात लाडका भाग तोच आहे. नेट नाही. क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस, दोघी. स्थळ पश्चिम घाट, शोध कशाचा तर गणपतीच्या सुळ्याचा. होयसळ काळातली वस्तू अशी कल्पना आहे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी धास्तावले होते. आपल्या देवाधर्माचं बाहेरच्यांनी काय केलं असेल कोण जाणे. पण एकदंताची कथा क्लोई नदीनला सांगते, तो प्रसंग ऐका. परशुराम शंकराला भेटायला येतो, गणपती दारात अडवतो, परशुराम परशू फेकतो. तो परशू वडिलांनीच दिलेला, म्हणून गणपती तो चुकवत नाही, सुळ्यावर झेलतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण कंट्रोलर हातात धरून ऐकताना माझं मन भरून आलं. आणि ती सांगणारी कोण? जिचे वडील भारतीय होते, हाच सुळा शोधताना मारले गेले, आणि जिला त्यांचा राग आहे, कारण त्यांनी घरापेक्षा शोधाला जवळ केलं. बापाचा घाव झेललेलं मूल दोन्ही कथांत आहे. खेळ ते बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त लागलं.

त्यातला जीपचा मोठा टप्पाही मला आवडतो. मोकळं रान, पाणी, पडके बुरूज. पडद्यावर बाण नाही. क्लोई कागदाचा नकाशा उघडते आणि पेनाने खुणा करते. वाटेल तिकडे जा. तिसरा डोळा, तुमच्यासारख्यांना हा भाग नक्की आवडेल. अकरा होयसळ नाणी शोधली की राणीचं माणिक मिळतं. मी सगळी शोधली, सबंध रविवार गेला.

ताम्रपट

@आभाळवेडी, फार छान लिहिलंत. बापाचा घाव ही जोडणी माझ्या लक्षात आली नव्हती.

होयसळांबद्दल एक भर घालतो. खेळात डोंगर कोरून उभ्या केलेल्या प्रचंड मूर्ती आणि उंच दारं आहेत. खरं होयसळ काम याच्या उलट आहे. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर विष्णुवर्धनाने १११७ मध्ये उभारायला घेतलं, हळेबीडचं होयसळेश्वर त्याच शतकातलं. उंची माफक, चांदणीच्या आकाराचं जोतं, आणि सगळा जीव नक्षीत. वापरलेला दगड मऊ. खाणीतून काढल्यावर तो कोरायला सोपा जातो आणि मग हवेने टणक होतो. म्हणून मूर्तीच्या बोटातली अंगठीसुद्धा सुटी कोरलेली दिसते. खांब चरकावर फिरवून घडवल्यासारखे गुळगुळीत. तीन मंदिरसमूहांना २०२३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

खेळाला भव्यता हवी असते, चढायला उंची हवी असते, हे मी समजू शकतो. पण बोटभर नक्षीत खूण लपवलेली आहे आणि ती शोधायला तासभर भिंतीजवळ उभं राहावं लागतंय, असं कोडं एखादं तरी असायला हवं होतं. नाही तर होयसळ नाव का घ्यायचं? देवगिरीच्या यादवांशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेलं घराणं ते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत बहुतेक त्या लढायांपुरतंच भेटतं. त्यांची राजधानी हळेबीड इतक्या तरुण मुलांच्या तोंडी या खेळामुळे आली, हे मात्र मोठं काम झालं. माझ्या भाचीने खेळ संपवून मला विचारलं, “मामा, हळेबीड खरंच आहे?” तिला फोटो दाखवत बसलो, त्या संध्याकाळी दुसरं काही झालं नाही.

एक दुरुस्तीही: धाग्याचं नाव या भागाला लागू नाही. सुळा हाती लागतो, आणि क्लोई तो भारत सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाला द्यायचं ठरवते.

तिसरा डोळा

आभाळवेडी, तुमच्या सांगण्यावरून ‘लॉस्ट लेगसी’ उतरवून घेतला, आठवडाभर खेळलो. कबूल करतो, जीपचा भाग मला खरोखर माझा वाटला. एका बुरुजावर चुकीच्या बाजूने चढलो आणि तरी वर पोचलो. नदीन मागून काहीबाही म्हणत राहिली आणि मी वाट बदलत राहिलो. शिवाय दोघींमधला अविश्वास: नेटचा भाऊ सॅम यात आहे हे क्लोईने लपवलेलं आणि ते नदीनला कळतं, तिथे मी खेळ थांबवून उठलो. दोन्ही बाजू बरोबर होत्या.

गोळीबाराबद्दल माझं मत बदललेलं नाही. गवतात लपून, कुणाला न मारता एक तळ पार करायचा प्रयत्न केला. दोनदा जमलं, तिसऱ्या ठिकाणी खेळाने मला बंदूक उचलायला लावलीच. ते दार त्यांनी उघडं ठेवायला हवं होतं.

पाऊलखूण (धागाकर्ता)

ताम्रपट, दुरुस्ती मान्य. नाव राहू देतो, तुमचा प्रतिसाद खाली आहेच.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी पुन्हा बसलो, या वेळी चौथ्या भागातली फक्त बालपणाची प्रकरणं. आणि सुरुवातीला मी जे लिहिलं ते अपुरं होतं असं आता वाटतंय. हात आणि सोबत, दोन्ही आहे. पण मी एक वस्तू सोडली, जी नेटच्या प्रत्येक भागात असते आणि कधी बुडत नाही: वही.

पहिल्या भागात ड्रेकच्या पेटीतून सोनं निघत नाही, वही निघते. चौथ्यात दोन अनाथ पोरं रात्री एका म्हाताऱ्या बाईंच्या वाड्यात शिरतात, ती आईच्या वहीसाठी. त्यांची आई इतिहास-संशोधक होती. ड्रेकचे वंशज होते असं तिचं म्हणणं होतं आणि ते सिद्ध करायच्या आत ती गेली. आडनाव मॉर्गन. त्या रात्रीनंतर दोघे भाऊ ड्रेक नाव लावतात. म्हणजे पहिल्या भागापासून नेट ज्या वंशाच्या गोष्टी सांगतो, तो त्याच्या आईचा अर्धवट राहिलेला सिद्धान्त आहे. क्लोईचंही तेच, वडिलांचा शोध. तिसरा डोळा, तुम्ही म्हणालात वही उघडली की कोडं सुटतं. खरं आहे. पण त्या वहीच्या पानांवर नेटची घाईची अक्षरं आहेत, बाजूला रेखाटनं आहेत. कोडं सोडवताना मी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेने भिंतीकडे बघत होतो.

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या कपाटात हिशेबाच्या वह्यांच्या मध्ये एक वही निघाली, जुन्या शिलालेखांची त्यांनी उतरवून घेतलेली अक्षरं. अर्धी पानं कोरी. ती मी अजून तशीच ठेवली आहे. चौथ्या भागाच्या शेवटी मी दर वेळी गप्प का होतो, ते बहुतेक यामुळे.

तो शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. समुद्रकाठचं घर, आणि कळतं की आपण आता नेट नाही. कंट्रोलरवर चालतेय ती त्याची मुलगी कॅसी. कुत्रा मागे-मागे. आई-बाबा घरात दिसत नाहीत म्हणून ती खोल्या धुंडाळते आणि एका बंद कपाटाशी येते. आपणच किल्ली शोधायची, आपणच ते उघडायचं. आत फोटो, जुन्या वस्तू, ओळखीची अंगठी. ती एकेक हातात घेऊन बघत असते, आणि तेवढ्यात नेट आणि एलेना दारात येऊन उभे राहतात.